कॅराव्हॅन आणि मोटरहोममधलं गरम पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर गाडी चालवून मुक्कामाला पोचल्यावर शॉवरखाली उभं राहावं आणि पाणी गारच यावं, याइतकं हिरमुसायला लावणारं फारसं काही नसतं. पहिला विचार येतो, ‘गिझर गेला.’ बहुतेक वेळा गिझर गेलेला नसतो. पाणी चुकीच्या वाटेने फिरत असतं, किंवा एखादा छोटा कॉक भलत्याच बाजूला वळलेला असतो. म्हणून या सगळ्या उत्तरांत माझा आग्रह एकच आहे : आधी पाण्याची वाट शोधा, पार्ट नंतर घ्या.

नळाला फक्त गार पाणी येतंय. सुरुवात कुठून करू?

हातापासून. गिझर चालू करून अर्धा-पाऊण तास थांबा. मग गाडीच्या आतल्या बाजूने, पलंगाखालची किंवा ओट्याखालची फळी काढून गिझरच्या पाठीमागे पोचा. तिथे दोन पाइप दिसतील. खालचा गार पाणी आत नेतो, वरचा गरम पाणी बाहेर आणतो. कोणाला तरी गरम नळ उघडायला सांगा आणि वरच्या पाइपला बोटं टेकवून लगेच काढा. घट्ट धरू नका, ६० अंशांचा पाइप चांगलाच चटका देतो.

वरचा पाइप गरम लागला आणि नळाला मात्र गार पाणी येत असेल, तर गिझर आपलं काम करतोय. पुढे कुठेतरी त्यात गार पाणी मिसळतंय. पाइप गारच असेल तर गाडीबाहेर जा, गिझरचं झाकण उघडा आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या पितळी अंगाजवळ हात न्या. तो थेट टाकीत बसवलेला असतो, त्यामुळे टाकीची ऊब लगेच सांगतो. त्याचा दांडा मात्र ओढू नका. व्हॉल्व्ह गरम आणि आतला पाइप गार, याचा अर्थ टाकीत गरम पाणी आहे पण ते बाहेर पडत नाही. अशा वेळी बहुतेकदा बायपास (टाकीला वळसा घालणारी वाट) उघडा राहिलेला असतो. व्हॉल्व्हही गार असेल तरच गॅस, वीज आणि थर्मोस्टॅटकडे वळायचं.

या पाच मिनिटांच्या तपासणीत निम्म्याहून जास्त शक्यता बाजूला पडतात. ती केल्याशिवाय कुठलाही पार्ट मागवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

बायपास म्हणजे काय, आणि तो चुकीच्या बाजूला आहे हे कसं ओळखायचं?

कडाक्याच्या थंडीत गाडी उभी करून ठेवताना पाइपमध्ये गोठणरोधक द्रव सोडतात. गिझरची टाकी भरण्यात तो द्रव वाया घालवायचा नाही, म्हणून टाकीला वळसा घालणारा एक छोटा पाइप दिलेला असतो. तोच बायपास. हंगाम सुरू झाल्यावर कॉक मूळ जागी फिरवायचं राहून गेलं की पाणी टाकीत न जाता थेट गरम नळाच्या पाइपात शिरतं.

काही गाड्यांत एकच कॉक असतो, काहींत दोन, काहींत तीन. साधा नियम असा : कॉकची मूठ पाइपच्या रेषेत असेल तर तो उघडा, आडवी असेल तर बंद. रोजच्या वापरात टाकीकडे जाणारे कॉक उघडे हवेत आणि मधल्या जोडपाइपवरचा बंद हवा. मूठ नेमकी मध्ये कुठेतरी अडकली असेल तर पाणी कोमट येतं, आणि हा प्रकार पूर्ण उघड्या बायपासपेक्षा जास्त फसवतो.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. बायपासमुळे टाकी रिकामी असताना विजेचा स्विच लावला तर हीटिंग एलिमेंट कोरडं तापतं आणि पाहता पाहता जळतं. टाकी रिकामी केल्यावर आधी पाणी भरा, गरम नळ उघडून फसफस थांबेपर्यंत आणि सलग धार लागेपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच वीज लावा. पण बायपास उघडा असेल तर टाकी रिकामी असूनही नळाला सलग धार येते. त्यामुळे कॉक आधी पाहायचे, धार नंतर.

पाणी गरम नाही, पण गारही नाही. सगळ्या नळांना कोमटच येतं. असं का?

बायपास ठीक असेल तर थेट गाडीबाहेरच्या शॉवरकडे जा. त्याच्या खणात गरम आणि गार असे दोन नळ असतात, आणि पुढे हातात धरायच्या तोंडावर एक बंद करायचं बटण. लोक ते बटण दाबून पाणी बंद करतात आणि मागचे दोन्ही नळ उघडेच राहतात. पाणी बाहेर सांडत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पण त्या उघड्या नळांमधून गार पाणी गरम पाइपात शिरत राहतं आणि गाडीतला प्रत्येक गरम नळ कोमट होतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. एका वर्षी कोमट पाण्याच्या तक्रारीवर एका दुरुस्तीवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग एलिमेंट बदललं. पाणी कोमट ते कोमटच. आठवड्याने पाय धुवायला म्हणून बाहेरच्या शॉवरचं झाकण उघडलं, तर दोन्ही नळ अर्धे उघडे. ते बंद करून थोड्या वेळाने आत आलो तेव्हा बेसिनच्या नळातून वाफ येत होती. काढून टाकलेले दोन्ही पार्ट ठणठणीत होते. तेव्हापासून कोमट पाण्याची तक्रार ऐकली की मी सगळ्यात आधी त्या खणाचं झाकण उघडायला सांगतो.

आतल्या शॉवरलाही पाणी थांबवायचं असंच बटण असतं. ते दाबून ठेवून मागचे नळ उघडे सोडले तर परिणाम तोच. एकाच दांड्याने गरम-गार फिरवणारा नळ असेल तर त्याच्या आतला भाग झिजूनही पाणी एकमेकांत मिसळतं.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. बायपास बंद ठेवून गिझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करा, पंप चालू ठेवा आणि एक गरम नळ उघडा. काही सेकंदांत धार थांबायला हवी. ती थांबली नाही, तर गार पाणी कुठून तरी गरम पाइपात येतंय. मग एकेक नळ आणि त्याखालचा कॉक बंद करत जा. ज्याने धार थांबते, तो दोषी.

आधी छान गरम येतं, पण अंघोळ अर्धी होईपर्यंत गार. गिझर बिघडलाय का?

बहुधा नाही. बऱ्याच गाड्यांतली टाकी सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम २२-२३ लिटरची असते. मोठी म्हणजे दहा गॅलनची, सुमारे ३८ लिटर. टाकीतलं पाणी ६० अंशांवर आणि बाहेरचं १५ अंशांवर आहे असं धरलं, तर लहान टाकीतून अंघोळीजोगतं ४० अंशांचं पाणी फार तर ४० लिटर मिळतं. शॉवर मिनिटाला ९ लिटर ओतत असेल तर साडेचार मिनिटांत खेळ खलास. प्रत्यक्षात त्याहीआधी, कारण गरम पाणी बाहेर पडताना खालून गार पाणी आत येतच असतं.

पुन्हा तापायला किती वेळ लागतो, याचाही हिशोब करता येतो. १,४४० वॉटचं एलिमेंट तेवढी टाकी १५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ५० मिनिटं घेतं. ताशी १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं एकक) गॅस बर्नर तेच काम साधारण अर्ध्या तासात करतो. दोन्ही एकदम चालवता येत असतील तर वीस मिनिटांच्या आसपास. म्हणून चौघांच्या अंघोळी एकामागून एक करायच्या असतील तर गॅस आणि वीज दोन्ही लावा, किंवा कमी पाणी सोडणारा शॉवर बसवा. अंग ओलं करून पाणी थांबवायचं, साबण लावायचा आणि मग पुन्हा सोडायचं, हाही उपाय चांगला आहे. फक्त ते बटणाने करताना वरच्या उत्तरातली मेख विसरू नका.

पूर्वी त्याच गाडीत, त्याच टाकीत दहा मिनिटं पुरत होतं आणि आता तीन मिनिटंही पुरत नाही, असं असेल तर मात्र तळाशी क्षारांचा थर साचला असेल, किंवा थर्मोस्टॅट लवकर बंद होत असेल.

गॅसचा स्विच लावला की टक-टक आवाज येतो, पण पेटत नाही.

आवाज येतोय ही चांगली गोष्ट आहे. म्हणजे गिझर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डला वीज पोचली, थर्मोस्टॅटने ‘पाणी गार आहे’ असं सांगितलं आणि ठिणगीही पडतेय. उरतो तो गॅस.

आधी आतली शेगडी पेटवून बघा. ती पेटली नाही किंवा मिणमिणती पेटली, तर सिलिंडरकडे जा. सिलिंडरचा कॉक झटक्यात उघडला तर जोडणीतली सुरक्षेची यंत्रणा ‘कुठेतरी गळती आहे’ असं समजून गॅस जवळजवळ थांबवते. कॉक पूर्ण बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा आणि अगदी सावकाश उघडा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाइपात हवा भरलेली असते. शेगडी मिनिटभर जळू दिली की ती निघून जाते.

कडक थंडीत गॅसचा प्रकारही आडवा येतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो, पण ब्युटेन शून्याच्या जरा खालीच, उणे अर्ध्या अंशाला अडून बसतो. सिलिंडर हलवला तर आत द्रव आहे, पण बर्नरपर्यंत काही येत नाही, असं हिवाळ्यात झालं तर आधी सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचा.

शेगडी व्यवस्थित जळतेय आणि गिझर मात्र पेटत नाही, तर बॅटरी मोजा. गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला १२ व्होल्ट लागतात. बॅटरी उतरून साडेदहा-अकरावर आली की ठिणगी पडते पण व्हॉल्व्ह उघडत नाही, किंवा बोर्ड काहीच करत नाही. त्यानंतर ठिणगीच्या कांड्या बघा. दोन टोकांत साधारण ३ मिलिमीटर फट हवी आणि पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला तडा नको. तडा असेल तर ठिणगी भलतीकडेच पडते. अंधार पडल्यावर झाकण उघडून पाहिलंत तर ती नेमकी कुठे उडते हे स्पष्ट दिसतं.

बऱ्याच मॉडेलांत बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून थांबतो आणि आतल्या स्विचवरचा दिवा लावून ठेवतो. स्विच बंद करून काही क्षणांनी पुन्हा लावला की प्रयत्न नव्याने सुरू होतात. पण हे सतत करत बसू नका. न जळलेला गॅस साचतो आणि मग एकदम भडका उडतो. गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठल्याही स्विचला हात लावू नका आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

पेटतं, पण पाच-सात सेकंदांत विझतं.

इथे बोर्डला ज्योत ‘दिसत’ नाही. ठिणगी देणारी कांडी, किंवा शेजारची वेगळी कांडी, ज्योतीतून जाणारा अगदी सूक्ष्म प्रवाह टिपते. तो मिळाला नाही तर बोर्ड सुरक्षेसाठी गॅस तोडतो. कांडीवर काजळी किंवा गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा. बर्नरची अर्थिंगची वायर जिथे स्क्रूने बसवली आहे तिथला गंज काढा. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं या एका स्क्रूपाशी संपतात. कांडी ज्योतीच्या आत येते की बाजूला राहते, तेही बघा.

त्यानेही भागलं नाही तर गॅसचा दाब मोजावा लागतो. अमेरिकी पद्धतीच्या गाड्यांत तो ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे २७-२८ मिलिबार असतो. युरोपातल्या नव्या गाड्यांत ३० मिलिबार. रेग्युलेटरला स्वतः पिळायला जाऊ नका. त्यासाठी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, आणि तो वाचता येणारा माणूस हवा.

ज्योत पिवळी दिसते आणि झाकणावर काळं धरतं.

चांगली ज्योत निळी, टोकदार असते आणि तिचा एकसारखा घुर्र आवाज येतो. पिवळी, लोळणारी, आवाज न करणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. आणि हवा अडवणारा बहुतेकदा एक कोळी असतो.

गिझर काही महिने बंद राहिला की कोळ्यांना ती अंगठ्याएवढी बर्नरची नळी फार आवडते. कुंभारीण माशीही तिथे मातीचं घर बांधते. सिलिंडर बंद करून, गिझर गार झाल्यावर बर्नरची नळी सोडवा आणि विजेरी लावून आरपार पाहा. नळी स्वच्छ असेल तर दुसऱ्या टोकाचा उजेड गोल दिसतो. जाळं असेल तर मधोमध राखाडी, कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी दिसतं, कधी त्यात पांढऱ्या अंड्यांची गोळी. लांब दांड्याचा बारीक ब्रश आरपार फिरवा आणि मग हवेने फुंकून काढा. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नका. भोक केसाएवढंही मोठं झालं तरी ज्योतीचा सगळा हिशोब बिघडतो. नळी साफ करूनही पिवळेपणा राहिला, तर हवेची पट्टी थोडी उघडून बघा.

पिवळी ज्योत ‘चालतंय तर चालू दे’ म्हणून सोडू नका. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. गिझरच्या बाहेरच्या झाकणाच्या वरच खिडकी असेल तर बर्नर चालू असताना ती बंद ठेवा, झाकणासमोर खुर्च्या-सामान लावू नका, आणि गाडीतल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय का, हे प्रत्येक प्रवासाआधी पाहा.

गॅसवर पाणी तापतं, विजेवर तापत नाही.

आधी ब्रेकर. मग स्विच, आणि इथे जरा थांबा, कारण काही गिझरांना विजेचे दोन स्विच असतात. एक आत भिंतीवर आणि दुसरा बाहेर, झाकणाच्या आत खालच्या कोपऱ्यात, काळा आणि चटकन न दिसणारा. दोन्ही चालू असल्याशिवाय एलिमेंटला वीज मिळत नाही. हा बाहेरचा स्विच कित्येकांना गाडी घेऊन दोन-तीन वर्षं झाली तरी माहीत नसतो.

स्विच ठीक असतील तर मुख्य वीज पूर्ण तोडून, केबल बाहेर काढून, एलिमेंटच्या वायरी सोडवा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. किती यायला हवा? व्होल्टेजचा वर्ग करा आणि वॉटने भागा. १२० व्होल्टवर १,४४० वॉटचं एलिमेंट असेल तर बरोबर १० ओम. २३० व्होल्टवर १,००० वॉटचं असेल तर सुमारे ५३ ओम. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटलं आहे. एलिमेंटच्या खुंटीपासून टाकीच्या धातूपर्यंत मोजल्यावर मीटरने कुठलाही आकडा दाखवला, म्हणजे वीज धातूत उतरतेय. असं एलिमेंट पुन्हा जोडायचं नाही.

कोरडं जळलेलं एलिमेंट बाहेर काढलं की ओळखू येतं. वेटोळ्याचा वरचा भाग काळानिळा पडलेला आणि बाहेरचं आवरण लांबट चिरलेलं असतं. नवं बसवताना रबरी वॉशरही नवाच घ्या.

ते लाल किंवा काळं रीसेट बटण दाबल्यावर सुरू होतं, पण पुन्हा पुन्हा बंद पडतं.

थर्मोस्टॅट पाणी ५५ ते ६० अंशांवर थांबवतो. त्याने काही कारणाने थांबवलं नाही, तर साधारण ८२ अंशांवर दुसरी सुरक्षा सगळं तोडते. ते बटण तिचं. एखादवेळी उडालं तर दाबा आणि विसरा. रोज उडत असेल तर थर्मोस्टॅट चिकटलेला आहे, किंवा तो टाकीला नीट टेकत नाही. दोन्ही एकाच पट्टीवर येतात, जोडीनेच बदला. या सुरक्षेला वायर जोडून बगल देणारे मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका.

काही मॉडेलांत बर्नरजवळच्या पारदर्शक नळीत एकदाच उडणारा उष्णतेचा फ्यूजही असतो. ज्योत बाहेर लोळली की तो उडतो. फ्यूज बदलताना ज्योत बाहेर का आली, म्हणजे नळीत जाळं आहे का, हे बघितलंच पाहिजे.

गार नळाला धार जोरात, गरम नळाला बारीक.

टाकीच्या वरच्या तोंडाशी बऱ्याचदा एक चेक व्हॉल्व्ह असतो. पाणी उलटं जाऊ नये म्हणून तो बसवतात. प्लास्टिकचा असेल तर तो क्षारांनी अर्धवट चिकटतो. काढून साफ करा किंवा पितळी बसवा. त्याआधी नळाच्या तोंडची जाळी उघडून झटका, टाकीतून निघालेले पांढरे कण तिथे येऊन बसतात.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. बदलू का?

लगेच नको. २३ लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर गेलं की ते सुमारे साडेतीनशे मिलिलिटरने फुगतं. या वाढीला जागा मिळावी म्हणून टाकीत वरच्या बाजूला हवेची उशी असते. काही आठवड्यांत ती हवा पाण्यात विरघळून जाते. मग फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, दाब १५० पीएसआयकडे (पीएसआय हे दाबाचं एकक) चढतो आणि व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडून तो कमी करतो. म्हणजे तो त्याचं काम करतो आहे.

हवा परत भरायची अशी : गिझर बंद करा आणि पाणी पूर्ण गार होऊ द्या. पंप किंवा बाहेरचा पाणीपुरवठा बंद करा. आत एक गरम नळ उघडा. आता व्हॉल्व्हचा दांडा सरळ उचला आणि पाणी यायचं थांबेपर्यंत तसाच धरा. मग सोडा, तो खट्कन बसू द्या. नळ बंद करा, पाणी सुरू करा. एवढं करून गार टाकीतही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे किंवा तो झिजलाय, तेव्हा बदला. त्याच्या तोंडाला बूच लावून ठिबकणं ‘बंद’ करणं म्हणजे टाकीचा बॉम्ब करणं आहे.

गरम पाण्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो.

फक्त गरम पाण्यालाच येतो का, हे आधी ठरवा. पाणी बंद असतानाही तसाच वास असेल तर ती गॅसची गळती समजा आणि वर सांगितलं तसं बाहेर पडा.

फक्त गरम पाण्याला वास असेल तर टाकीत गंधकावर जगणारे जिवाणू आहेत. पाण्यातलं सल्फेट आणि मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली कांडी) यांच्या संगतीत ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. पाणी आठ-पंधरा दिवस टाकीत पडून राहिलं की हे हमखास होतं. सुगंध नसलेलं साधं ५-६ टक्क्यांचं ब्लीच घ्या, दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर या प्रमाणात. ते गोड्या पाण्याच्या टाकीत मिसळा, गरम नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी गिझरमध्ये खेचा आणि चार तास राहू द्या. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा. वास परत परत येत असेल तर ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड बसवून पाहा.

क्षार काढायला व्हिनेगर वापरतात, तेही चांगलं. पण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकानंतर दुसरं करायचं असेल तर मध्ये टाकी पूर्ण धुऊन घ्या.

ॲनोड रॉड सगळ्यांनाच लागतो का? तो कधी बदलायचा?

नाही. टाकी कशाची आहे त्यावर आहे. सबर्बन या कंपनीच्या टाक्या पोलादी असतात आणि आतून चिनी मातीचा मुलामा दिलेला असतो, त्यांना रॉड लागतो. ॲटवूड या कंपनीच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या, त्यांना कारखान्यातून रॉड येत नाही. तिथे प्लास्टिकचं बूच असतं आणि ते प्लास्टिकचंच ठेवायचं.

रॉडचं काम टाकीऐवजी स्वतः गंजण्याचं. वर्षातून एकदा तो काढून पाहा. नवा असताना बोटाएवढा जाड आणि गुळगुळीत असतो. वर्षभराने तो वाळवी लागलेल्या लाकडासारखा दिसतो, ठिकठिकाणी खड्डे, मध्येच आतली पोलादी तार उघडी पडलेली. तीन चतुर्थांश खाल्ला गेला असेल तर बदला. खाल्लेला रॉड पाहून घाबरू नका, तो जसा हवा तसाच वागला. काळजी वर्षभरानंतरही कोरा राहिलेल्या रॉडची करा : टेफ्लॉन टेपचे फार वेढे दिल्यामुळे त्याचा टाकीशी संपर्कच झालेला नसू शकतो.

रॉड किंवा बूच सोडवण्याआधी वीज-गॅस बंद, पाणी गार, पुरवठा बंद, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडलेला, एवढं झालंच पाहिजे. दाबाखालचं ६० अंशांचं पाणी समोर उभ्या माणसाच्या छातीवर येतं.

टाकी नसलेला गिझर आहे. पाणी क्षणात गरम, क्षणात गार होतं.

या गिझरमध्ये बर्नर पेटायला ठरावीक प्रवाह लागतो. नळ थोडाच उघडला किंवा गार पाणी जास्त मिसळलं, की गरम बाजूचा प्रवाह त्याखाली जातो आणि बर्नर विझतो. मग पाणी गार होतं, आपण गार नळ कमी करतो, बर्नर पुन्हा पेटतो. असं चक्र चालू राहतं. उपाय उलटा वाटेल, पण तो असा : गिझरचं तापमानच ४० च्या आसपास ठेवा आणि गरम नळ पूर्ण उघडा, गार जवळजवळ मिसळूच नका. पंप झटके देत असेल तर त्याच्यापुढे एक छोटी दाब-टाकी बसवली की प्रवाह सलग होतो. शॉवरवरचं पाणी थांबवायचं बटण या गिझरांना मानवत नाही.

रात्री थंडी पडली आणि सकाळी टाकीच रिकामी झाली. गळती आहे का?

ट्रुमा कंपनीच्या बॉयलरांसारख्या काही बॉयलरांना गोठण्यापासून वाचवणारा व्हॉल्व्ह असतो. त्याच्याजवळचं तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की तो आपोआप उघडतो आणि सगळं पाणी बाहेर सोडतो. पुन्हा बंद करायला जाल तर तो जागा ऊबदार झाल्याशिवाय, साधारण ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बसतच नाही. आधी गाडीतलं हीटिंग लावा. अशाच बॉयलरांच्या बाहेरच्या धुराड्यावर टोपी असते, ती काढायची राहिली तर बर्नर पेटत नाही.

गाडी चालवताना गिझर गॅसवर चालू ठेवावा का?

नको. पेट्रोल पंपावर तर अजिबातच नाही, कारण बर्नर आपणहून ठिणगी टाकतो.

मेकॅनिकला कधी बोलवायचं, आणि त्याला काय सांगायचं?

गॅसचा दाब, गॅसची गळती, मुख्य विजेची वायरिंग आणि खुद्द टाकीची गळती, ही चार कामं त्याची. टाकी गळतेय असं वाटलं तर आधी सगळं कोरडं पुसा, बूच, एलिमेंट आणि पाइपच्या जोडांभोवती टिश्यूचा तुकडा गुंडाळा आणि तासाभराने कुठला ओला झाला ते पाहा. सगळे कोरडे आणि खाली तरीही थेंब असतील तर टाकीच फुटली आहे. गोठलेल्या पाण्याने फुगून फाटलेली टाकी सांधून टिकत नाही, नवीच घ्यावी लागते.

बोलावताना ‘गिझर चालत नाही’ एवढंच सांगू नका. मागचा वरचा पाइप गरम होता का, सेफ्टी व्हॉल्व्ह गरम होता का, ठिणगीचा आवाज आला का, किती सेकंदांनी विझलं, बॅटरी किती व्होल्ट होती, बायपास आणि बाहेरचा शॉवर पाहिला का, हे कागदावर लिहून ठेवा. झाकणाच्या आतल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर यांचा फोटो त्याला आधीच पाठवा, म्हणजे येताना तो योग्य पार्ट घेऊन येईल.